आदिवासी ऑपेरा-गायिका आणि समकालीन अभिजात संगीत : डेबोरा चीथम यांचे कार्य व खानदेशातील गीतसंकलनाचा प्रश्न

प्रस्तावना

दोंडाईचा, शहादा, नंदुरबार, साक्री या परिसरातील महाविद्यालयांत भिल्ल, पावरा, कोकणा, मावची या समाजांतील विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर शिक्षण घेतात. युवक महोत्सवाच्या रंगमंचावर हे विद्यार्थी येतात ते बहुधा लोकनृत्य किंवा आदिवासी नृत्य या कलाप्रकारात. त्याच महोत्सवात शास्त्रीय गायन व पाश्चात्त्य गायन हेही कलाप्रकार असतात. परंतु त्यांत आदिवासी विद्यार्थी असेल, अशी अपेक्षा सहसा कोणी करीत नाही. अभिजात संगीत एका बाजूस आणि आदिवासी संगीत दुसऱ्या बाजूस, ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिची कारणमीमांसा करण्याची गरजही भासत नाही.

ऑस्ट्रेलियातील योर्टा योर्टा या आदिवासी समाजातील गायिका व संगीतरचनाकार डेबोरा चीथम यांचे कार्य या विभागणीचा पुनर्विचार करावयास लावणारे आहे. प्रस्तुत लेखात त्या कार्याचा परिचय करून देऊन, गीत, भाषा व कथा यांवरील हक्काच्या संदर्भात खानदेशातील अध्यापक व संशोधकांना त्यातून काय घेता येईल, याचा विचार केला आहे.

ऑपेरा : स्वरूप

मराठी वाचकाला ऑपेराची कल्पना संगीत नाटकाच्या आधाराने करता येते. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या १८८० मधील 'संगीत शाकुंतल'पासून रूढ झालेल्या परंपरेत गद्य संवाद व पदे एकमेकांस पूरक असतात. ऑपेरात मात्र बहुतेक वेळा संपूर्ण संहिता गायिली जाते. वाद्यवृंद मोठा असतो आणि गायकाचा आवाज ध्वनिवर्धकाशिवाय त्या वाद्यवृंदाच्या पलीकडे, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा लागतो. त्यासाठी श्वास व कंठ यांची अनेक वर्षे साधना करावी लागते. ही साधना युरोपीय संगीतशाळांतून शिकविली गेली. त्यामुळे वसाहतींमध्ये ऑपेरा ही राज्यकर्त्या वर्गाची कला मानली गेली आणि आदिवासी गायकाचा तिच्याशी संबंध अपवादात्मक राहिला.

चीथम यांची जडणघडण

डेबोरा चीथम यांचा जन्म १९६४ चा. अवघ्या तीन आठवड्यांच्या असताना त्यांना आईपासून दूर करण्यात आले व त्यांचे पालनपोषण एका गौरवर्णीय बाप्टिस्ट कुटुंबात झाले. आदिवासी मुलांना कुटुंबापासून तोडून गौरवर्णीय समाजात मिसळविण्याचे धोरण ऑस्ट्रेलियात दीर्घकाळ राबविले गेले. त्या मुलांना तेथे 'हिरावलेल्या पिढ्या' असे म्हटले जाते. या धोरणाबद्दल ऑस्ट्रेलियाच्या संसदेत शासनाने १३ फेब्रुवारी २००८ रोजी जाहीर क्षमायाचना केली.

चीथम यांनी सिडनी येथे अभिजात पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण घेतले व सोप्रानो, म्हणजे स्त्रीच्या सर्वांत उंच पट्टीच्या आवाजातील गायिका म्हणून त्या प्रस्थापित झाल्या. सन २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटन समारंभातही त्यांचे गायन झाले. तथापि, येथपर्यंत त्यांचे स्थान इतरांनी रचलेले संगीत गाणाऱ्या कलावतीचे होते. पुढील टप्प्यावर त्यांनी स्वतः संहिता व संगीत लिहावयास प्रारंभ केला.

'पीकन समर' : स्वतःच्या समाजाची कथा

या टप्प्यातील पहिली महत्त्वाची कृती म्हणजे 'पीकन समर' हा ऑपेरा. त्याची संहिता व संगीत दोन्ही चीथम यांचे असून, ऑस्ट्रेलियातील आदिवासी रचनाकाराने लिहिलेला पहिला ऑपेरा म्हणून तो ओळखला जातो. ८ ऑक्टोबर २०१० रोजी व्हिक्टोरिया राज्यातील मुरुप्ना या छोट्या गावी त्याचा पहिला प्रयोग झाला आणि चीथम यांनी स्वतः त्यात भूमिका केली.

या ऑपेरास १९३९ मधील घटनेचा आधार आहे. मरी नदीच्या उत्तर तीरावरील कमरागंजा या शासकीय वसाहतीत आदिवासींना अपुरा शिधा आणि व्यवस्थापकाचा जाच सहन करावा लागत होता. ४ फेब्रुवारी १९३९ रोजी सुमारे दोनशे जणांनी ती वसाहत सोडली आणि नदी ओलांडून ते व्हिक्टोरियात गेले. त्यांपैकी अनेक कुटुंबे पुढे मुरुप्ना व शेपर्टन यांच्या दरम्यानच्या नदीकाठी राहिली. पहिल्या प्रयोगासाठी महानगरातील नाट्यगृहाऐवजी मुरुप्ना निवडण्यामागील औचित्य यावरून ध्यानात येते. या विषयाचा शोध घेत असतानाच आपले आजी-आजोबा त्या स्थलांतरात सहभागी होते, हे चीथम यांना समजले. ज्या मुलीला कुळापासून तोडण्यात आले होते, तिला कुळाचा इतिहास अशा प्रकारे संगीतरचनेच्या निमित्ताने परत मिळाला.

रचना पूर्ण झाली तरी गायक कोठून आणावयाचे, हा प्रश्न होता. अभिजात गायनाचे शिक्षण घेतलेले आदिवासी गायक अत्यल्प होते. गौरवर्णीय गायकांना आदिवासी पात्रांच्या भूमिका देऊन प्रयोग करणे शक्य होते. परंतु चीथम यांनी तसे केले नाही. २००९ मध्ये त्यांनी 'शॉर्ट ब्लॅक ऑपेरा' ही संस्था स्थापन केली व आदिवासी गायकांचा शोध आणि प्रशिक्षण हे तिचे कार्य ठरविले. अभिजात संगीतात आदिवासी गायक दिसत नाहीत याचे कारण क्षमतेचा नव्हे, तर संधीचा अभाव हे आहे, ही भूमिका या प्रशिक्षणातून प्रत्यक्षात उतरली.

ऑपेरा ही वसाहतवाद्यांची कला असताना आदिवासींनी ती का स्वीकारावी, असा आक्षेप येथे संभवतो. गीत, नृत्य, वेशभूषा व रंगभूषा यांच्या साहाय्याने कथा सांगणे ही आपल्या समाजाची अतिप्राचीन रीत आहे, त्यामुळे ऑपेरा आपल्याला परका नाही, अशी चीथम यांची भूमिका आहे.

भाषेचा प्रश्न

'युमराला : शांततेसाठी युद्धशांतिपाठ' ही चीथम यांची रचना २०१८ मध्ये पोर्ट फेरी येथे प्रथम सादर झाली व २०१९ मध्ये मेलबर्न सिंफनी वाद्यवृंदासह तिचे सादरीकरण झाले. व्हिक्टोरियाच्या नैर्ऋत्य भागात एकोणिसाव्या शतकात वसाहतकार व गुंडिचमारा लोक यांच्यात जो दीर्घ संघर्ष झाला, त्यातील मृतांसाठी ही प्रार्थना आहे. मृतांसाठीच्या ख्रिस्ती प्रार्थनासंगीताची संहिता परंपरेने लॅटिनमध्ये असते. येथे ती गुंडिचमारा भाषेत आहे. आदिवासी व बिगर-आदिवासी गायकांच्या समूहाला त्यामुळे ती भाषा, तिचे उच्चार व अर्थ शिकून घ्यावे लागले. एरवी आदिवासी गायकाला इटालियन वा जर्मन भाषा शिकावी लागते. या रचनेत शिकणाऱ्याची व शिकविणाऱ्याची स्थाने बदलली.

शब्दांविषयीची हीच दक्षता २०१५ मध्येही दिसून आली होती. मेलबर्न येथील फुटबॉलच्या अंतिम सामन्यात राष्ट्रगीत गाण्याचे निमंत्रण चीथम यांना मिळाले होते. राष्ट्र 'तरुण' असल्याच्या उल्लेखात आदिवासींचा सहस्रावधी वर्षांचा इतिहास वगळला जातो, म्हणून तो शब्द बदलून गाण्याची अनुमती त्यांनी मागितली. ती न मिळाल्याने त्यांनी निमंत्रण नाकारले. पुढे १ जानेवारी २०२१ पासून ऑस्ट्रेलियाने तो शब्द अधिकृतपणे बदलला.

गीतावरील हक्क : कॅनडातील उदाहरण

आदिवासींचे गीत अभिजात संगीतात येते, पण त्याचे धनी मात्र त्याबरोबर येत नाहीत, तेव्हा काय घडते याचे उदाहरण कॅनडात आढळते. हॅरी सोमर्स यांचा 'लुई रिएल' हा ऑपेरा १९६७ मध्ये टोरांटो येथे सादर झाला. त्यातील 'कुयास' हे गीत विशेष गाजले. त्याचे सूर निस्गा समाजाच्या एका शोकगीतातून घेतलेले होते. मारियस बार्बो व अर्नेस्ट मॅकमिलन यांनी १९२७ मध्ये ते गीत संकलित केले होते. निस्गा रीतीनुसार गीत हे विशिष्ट घराण्याच्या मालकीचे असते आणि योग्य अधिकारी व्यक्तीनेच योग्य प्रसंगी ते गावयाचे असते. ऑपेरात मात्र त्या शोकगीताच्या सुरांना क्री या निराळ्या भाषेतील शब्द जोडून, मातेने बाळासाठी गावयाच्या अंगाईचे रूप देण्यात आले होते. २०१७ मध्ये या ऑपेराचे पुनरुज्जीवन झाले, त्या वेळी हा प्रश्न जाहीरपणे ऐरणीवर आला. पुढे त्या गीताच्या जागी नवे गीत रचण्याचे काम मेटिस समाजातील रचनाकार इयन कसन यांच्याकडे सोपविण्यात आले व २०१९ मध्ये ते सादर झाले.

येथे संकलकाचा हेतू वाईट होता, असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु गीत कोणाचे व ते केव्हा गावयाचे, ही माहिती सुरांपासून विलग झाली. सुरावट तेवढी नोंदली गेली आणि पुढे ती कोणालाही वापरता येईल अशी सामग्री बनली.

खानदेशच्या संदर्भात

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडातील तिसरा भाग १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भिल्ली भाषांचे व खानदेशीचे नमुने एकत्र देण्यात आले. तेव्हापासून या प्रदेशातील मौखिक साहित्याकडे अभ्यासकांचे लक्ष आहे. अलीकडच्या दशकांत प्रबंध व लघुसंशोधन प्रकल्प यांच्या निमित्ताने महाविद्यालयीन अध्यापकांनी आदिवासी गीतांचे संकलन केले आहे. हे कार्य मोलाचे आहेच. तथापि, त्याला 'कुयास'चा प्रश्न लागू होतो.

पश्चिम खानदेशात मार्गशीर्ष महिन्यात होणाऱ्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवातील पावरीवादन व गायन त्या व्रताशी व त्या काळाशी बांधलेले आहे. थाळीवर मेणाने काडी उभी करून, तिच्यावरून बोटे ओढीत निघणाऱ्या नादाच्या साथीने कथा गाणारा थाळकरी हा केवळ 'माहिती देणारा' नसून त्या कथेचा अधिकारी गायक असतो. युवक महोत्सवासाठी अशा गायनाचा एखादा तुकडा उचलून, वेगळ्या चालीत व वेगळ्या वेषात सादर केला जातो, तेव्हा त्याचा प्रसंग व अधिकार दोन्ही गळून पडतात.

कायद्याचे साहाय्य या बाबतीत मर्यादित आहे. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा त्याच्या सादरीकरणावरील हक्क मान्य झाला. परंतु पारंपरिक गीतावर समाजाचा सामूहिक हक्क मानणारी स्पष्ट तरतूद त्यात नाही. त्यामुळे ही जबाबदारी प्रथमतः संकलकावर व त्याच्या मार्गदर्शकावर येते. गायकाचे नाव त्याच्या संमतीने नोंदविणे, गीताचा प्रसंग व त्यावरील निर्बंध यांची नोंद करणे, ध्वनिमुद्रणाची प्रत त्या पाड्यावर परत देणे आणि रंगमंचीय वापरापूर्वी पुन्हा अनुमती घेणे, या चार गोष्टी कोणत्याही अतिरिक्त निधीशिवाय करता येण्याजोग्या आहेत.

समारोप

चीथम यांच्या कार्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, अभिजात गायनपद्धती आत्मसात केल्याने आदिवासी कलावंताची ओळख पुसली जातेच असे नाही; कथा, भाषा व निर्णय त्याच्या हाती असतील तर तीच पद्धती त्या ओळखीचे साधन ठरते. दोन, हे आपोआप घडत नाही. 'पीकन समर'साठी गायक घडविण्याची व्यवस्था आधी उभारावी लागली. खानदेशातील महाविद्यालयांना ऑपेरा शिकविणे शक्य नाही व त्याची आवश्यकताही नाही. परंतु उत्तम कंठ लाभलेल्या पावरा वा कोकणा विद्यार्थ्याला शास्त्रीय गायनाच्या वर्गाकडे नेणे, आणि त्याच्या घरच्या गीताविषयी निर्णय घेताना प्रथम त्याला व त्याच्या वडीलधाऱ्यांना विचारणे, या दोन्ही गोष्टी अध्यापकाच्या अधिकारकक्षेतील आहेत.