'नाही' म्हणजे नक्की कुठे नाही?

पायथनची लायब्ररी इन्स्टॉल झाली असं पडद्यावर येतं, आणि लगेच प्रोग्राम म्हणतो, 'या नावाचं मॉड्यूल नाही'. मग खरं काय मानायचं? मंडळी, आमचं म्हणणं असं, की दोन्ही खरं असू शकतं.

न्यायदर्शनात अभावाबद्दल बोलताना दोन गोष्टी विचारतात: कशाचा अभाव, आणि कुठे? नुसतं 'घट नाही' म्हणून भागत नाही. 'या जमिनीवर घट नाही' असं म्हणावं लागतं. घट हा प्रतियोगी, जमीन हे अधिकरण. संगणकाच्या निरोपात प्रतियोगी असतो, अधिकरण मात्र गाळलेलं असतं. पायथन मुख्यतः 'सिस डॉट पाथ' या यादीतल्या जागीच शोधतो. तिथे सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता अधिकरणं बघू. विंडोजवर पायथन एका वापरकर्त्यापुरता बसवला, तर लायब्ररी सहसा त्याच्या 'ॲपडेटा'च्या पोटात, 'साइट-पॅकेजेस' फोल्डरात जातात. डेबियन-उबुंटूच्या सिस्टिम-पायथनमध्ये त्या फोल्डरचं नाव 'डिस्ट-पॅकेजेस'. मॅकवर होमब्रू ॲपलच्या चिपवर एका जागी बसतो, इंटेलच्या चिपवर दुसऱ्या. शिवाय एकाच मशीनवर दोन-तीन पायथन असतात, बरं का! पिप एकाच्या घरात सामान ठेवतो आणि प्रोग्राम दुसऱ्याच्या घरात शोधतो.

म्हणून पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी चौकशी करावी. प्रोग्राममध्येच 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' छापलं, की कोणता पायथन चालतोय ते कळतं. 'पिप शो' आणि पुढे लायब्ररीचं नाव दिलं, की 'लोकेशन'च्या ओळीत जागा दिसते. दोन्हींचं घर वेगळं निघालं, तर दुखणं सापडलं. मग नुसतं 'पिप इन्स्टॉल' न म्हणता, प्रोग्राम चालवणाऱ्या त्याच पायथनला 'डॅश एम पिप इन्स्टॉल' सांगावं.

२०२३ साली आलेल्या डेबियन १२ पासून तिथला सिस्टिम-पायथन पिपला आत येऊच देत नाही. काहीजण जबरदस्तीचा पर्याय वापरून दार फोडतात. तसं करू नये. त्या पायथनवर सिस्टिमची स्वतःची साधनं चालतात. आपल्या लायब्ररीपायी तीच बंद पडू शकतात. प्रत्येक कामासाठी वेगळं घर बांधायची सोय, म्हणजे 'व्हेन्व्ह', २०१२ च्या पायथन ३.३ पासून आहे. ती वापरली, की अधिकरण आपणच ठरवलेलं असतं, आणि 'नाही' ऐकल्यावर कुठे बघायचं हे आपल्याला ठाऊक असतं.