दोन मीटरचा धागा आणि ल्युपस

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींच्या केंद्रकात डीएनए असतो. एका पेशीतील सगळा डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरेल. केंद्रक मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढेच. मग एवढा लांब धागा त्यात न गुंतता राहतो कसा? शिवणयंत्राचा दोरा रिळावर राहतो तसाच! ‘हिस्टोन’ नावाच्या ८ प्रथिनांचे मिळून एक रीळ होते व त्यावर डीएनएचे जेमतेम पावणेदोन वेढे बसतात. एका पेशीत अशी सुमारे तीन कोटी रिळे असतात. हिस्टोनचा शोध जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट कोसेल यांनी १८८४ साली लावला.

पेशी मरते तेव्हा ही रिळे बाहेर पडतात व शरीर हा कचरा साफ करते. ‘ल्युपस’ या विकारात मात्र रोगप्रतिकारक शक्ती या रिळांनाच शत्रू समजते. त्यांच्याविरुद्ध रक्तात प्रतिपिंडे तयार होतात आणि सांधे, त्वचा, मूत्रपिंडे यांना इजा पोचते. दर १० रुग्णांत सुमारे ९ स्त्रिया असतात, त्याही बहुधा १५ ते ४५ वयाच्या.

सांधेदुखी, रेंगाळणारा ताप, गालांवर व नाकावर लाल चट्टा, उन्हात गेल्यावर वाढणारे पुरळ, तोंडात फोड, केस गळणे ही याची लक्षणे. एकेक लक्षण किरकोळ वाटते, म्हणून घरातील बाई ते अंगावर काढते. तेवढ्यात मूत्रपिंडे बिघडू शकतात. लघवी फेसाळ होणे, पायांवर सूज येणे ही धोक्याची सूचना समजावी.

निदानासाठी रक्ताची ‘एएनए’ तपासणी करतात. परंतु ती निरोगी माणसातही ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. नुसत्या अहवालावरून घाबरू नये. लक्षणे, लघवीतील प्रथिने, रक्तदाब व डीएनएविरोधी प्रतिपिंडे हे सारे पाहूनच डॉक्टर निदान करतात.

ल्युपस संसर्गजन्य नाही. तो समूळ बरा होत नसला तरी आटोक्यात राहतो. त्यासाठी बहुतेकांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मूळचे हिवतापावरील औषध देतात. ते चालू असताना डॉक्टर सांगतील तेव्हा डोळे तपासून घ्यावेत. बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. उन्हात अंग झाकावे. रोग शांत असताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने, मातृत्वही शक्य असते. अशा मुलीचे लग्न मोडण्यापूर्वी ही गोष्ट दोन्ही घरांनी जाणून घ्यावी.