पुस्तिकेतली न हलणारी पानं

डेबियन लिनक्सवर ईमॅक्स हा मजकूर-संपादक बसवा, कंट्रोल आणि एच ही बटणं एकत्र दाबा, मग आर. इतरत्र लगेच ईमॅक्सची पुस्तिका उघडते. डेबियनवर ती नसते; ‘नॉन-फ्री’ नावाच्या वेगळ्या कप्प्यातून मागवावी लागते. वास्तविक ही पुस्तिका मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची. तीच मुक्त नाही, असं डेबियन म्हणतं!

कारण परवान्यात आहे. 2000 साली फाउंडेशनने पुस्तिकांसाठी जीएफडीएल हा परवाना काढला. मजकूर घ्या, बदला, विका, सगळ्याला मुभा. मात्र लेखक काही प्रकरणं ‘अपरिवर्तनीय’ ठरवू शकतो. ती बदलता येत नाहीत आणि काढूनही टाकता येत नाहीत. ईमॅक्सच्या पुस्तिकेत स्टॉलमन यांची मुक्त सॉफ्टवेअरची भूमिका मांडणारा ग्नू जाहीरनामा असा कायमचा बसला आहे. स्टॉलमन यांचं म्हणणं असं की, तांत्रिक माहिती बदलता यायलाच हवी. पण जाहीरनामा हे लेखकाचं मत आहे, आणि दुसऱ्याच्या मताला कात्री कशाला लावायची? मुद्दा बिनतोड वाटतो. पण त्या पुस्तिकेतली दहा ओळींची कृती उचलून आपल्या छोट्या माहितीपत्रकात घालायला जा, तिच्यामागोमाग जाहीरनामा येतो आणि परवान्याचा अख्खा मजकूरही.

डेबियनचं म्हणणं वेगळं: प्रोग्रॅम बदलला की पुस्तिकाही बदलावी लागते, म्हणून दोघांना एकच नियम हवा. डेबियन बनवणाऱ्या स्वयंसेवकांनी 2004 मध्ये मतदान घेऊन हे तत्त्व आपल्या ‘सामाजिक करारात’, म्हणजे प्रकल्पाच्या जाहीर वचननाम्यात, स्पष्ट केलं. मार्च 2006 च्या मतदानात ठरलं की, अपरिवर्तनीय भाग नसलेल्या जीएफडीएल पुस्तिका चालतील, बाकीच्या नाहीत. मला हा निर्णय योग्य वाटतो, जरी नवशिक्याला मदत हवी तेव्हाच पुस्तिका हाताशी नसते, याचं वाईटही वाटतं.

आपल्या मराठी विकिपीडियाचाही या परवान्याशी संबंध आला. 2003 साली तो सुरू झाला, तेव्हा विकिपीडियाचा मजकूर जीएफडीएलखालीच असे. अपरिवर्तनीय भाग तिथे नव्हते, तरी परवान्याचं ओझं होतंच. नोव्हेंबर 2008 मध्ये फाउंडेशनने परवान्याच्या नव्या आवृत्तीत परवाना बदलण्याची वाट करून दिली आणि 2009 च्या जूनमध्ये विकिपीडिया क्रिएटिव्ह कॉमन्स या सुटसुटीत परवान्याकडे गेला. त्याआधी एखाद्या शिक्षिकेला रायगडावरचा लेख छापून वर्गात वाटायचा असता, तर नियमाप्रमाणे प्रत्येक प्रतीला कित्येक पानांचा इंग्रजी परवाना जोडावा लागला असता. आता लेखकांचा उल्लेख आणि परवान्याचं नाव-पत्ता, एवढं खाली लिहिलं की पुरतं.