आझाद व्हिसा : नाव आझाद, माणूस अडकलेला

सौदीला निघालेल्या कोकणातील कारागीर बांधवांच्या कानी 'आझाद व्हिसा' हा शब्द हमखास पडतो. असा व्हिसा सौदी कायद्यात मुळी नाहीच. कफील कागदापुरता मालक, काम कामगाराने बाहेर शोधायचे, आणि वर कफीललाच पैसे मोजायचे! श्रम कायद्याच्या कलम ३९ ला हे मंजूर नाही. पकडल्यास दंड व परत पाठवणी होऊ शकते.

सरळ रस्ता म्हणजे ज्याच्याकडे काम करायचे त्यानेच काढलेला नोकरीचा व्हिसा. कलम ४० प्रमाणे भरती, इकामा, वर्क परमिट यांचा खर्च मालकाचा. मग एजंट इकाम्याचे पैसे कशाचे मागतो? हे त्याला तोंडावर विचारा. व्हिसावर आपलाच हुन्नर लिहिला आहे ना, तेही पाहा. वेल्डरला 'हमाल' लिहिलेले पुढे नडते.

दहावी न झालेल्यांना साधारणपणे एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. तो चुकवायला व्हिजिट व्हिसा पुढे करणाऱ्या एजंटापासून दूर राहा. मार्च २०२१ पासून सौदीत एक वर्ष भरल्यावर, रीतसर नोटीस देऊन, मालकाच्या संमतीविना नोकरी बदलता येते. घरकामगार व घरगुती ड्रायव्हर मात्र या सवलतीबाहेर ठेवले गेले.