पितळेला काय सोसत नाही

सैन्याच्या काडतुसाची पितळी पुंगळी जवळून पाहिली, तर गोळी जिथे बसवलेली असते त्या मानेपाशी निळसर-तपकिरी डाग दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी नीट पुसलेलं नाही. तो डाग मुद्दाम राखलेला असतो. मान तापवून मऊ केली आहे याची ती खूण, आणि तपासनिसाला नुसत्या नजरेने कळावं म्हणून बऱ्याच सैन्यांत ती घासून काढत नाहीत. दुकानात विकायची काडतुसं मात्र बहुधा लखलखीत करूनच पेटीत भरतात. गिऱ्हाइकाला चकाकी लागते. आपल्या मुलखात पितळ कसं कसं साफ होत आलं याचा दीडशे वर्षांचा हिशेब मांडायला बसलो, तर हा डागच सारखा आडवा येत राहिला.

आम्हा भिवंडीकरांना विषय लांबचा वाटायचं कारण नाही. कल्याण ओलांडलं की अंबरनाथ, आणि तिथली आयुध निर्माणी आमच्याच ठाणे जिल्ह्यातली.

1857 साली ज्या काडतुसांवरून भडका उडाला ती कागदाची होती, चरबी माखलेली, दातांनी फाडायची. उडालं की संपलं, धुण्याघासण्याचा प्रश्नच नव्हता. 1866 मध्ये ब्रिटिशांनी बॉक्सर काडतूस घेतलं. त्यात पातळ पितळी पत्रा गुंडाळून नळी केलेली असे. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा. पुढे 1884-85 च्या सुदान मोहिमेत हे गुंडाळलेले पत्रे तापलेल्या बंदुकीत अडकून फाटू लागले, तेव्हा अखंड पितळेची पुंगळी हवी हे पटलं. 1889 च्या सुमारास पॉइंट थ्री-नॉट-थ्री काडतूस आलं आणि मग अखंड पुंगळीच रूढ झाली.

ही अखंड पुंगळी ओढून काढतात. 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असलेल्या पितळेची छोटी वाटी घ्यायची आणि ती साच्यांतून दाबत दाबत लांब करायची. दर ओढीला धातू कडक होतो. मग भट्टीत तापवून मऊ करायचा, पातळ केलेल्या तेजाबात बुडवून वरचा काळपट पापुद्रा काढायचा, धुवायचा, पुन्हा ओढायचा. म्हणजे कारखान्यातली सफाई ही शेवटी पॉलिश मारण्यापुरती नसते. ती घडणीच्या मधेमधेच होत राहते, आणि भट्टी व धुणं या दोन्हींत हयगय झाली तर पुढे वरून कितीही घासा, उपयोग नसतो.

हे आपल्या पावसाळ्याने सिद्ध केलं. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश छावण्यांत पावसाळा आला की मोहिमा थंडावत आणि दारूगोळा घोड्यांच्या पागांत रचून ठेवला जाई. पाऊस सरल्यावर पेट्या उघडाव्यात, तर चांगल्या चकचकीत पुंगळ्यांना चिरा गेलेल्या! कुणी पितळेला दोष दिला, कुणी हवेला. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी 1921 मध्ये कारण नीट उलगडून सांगितलं. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतला दमटपणा आणि ओढताना पुंगळीच्या अंगात राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. त्यातलं एक काढून घेतलं की तडकत नाही. पावसाळा काही काढता येत नाही. म्हणून बेताच्या आचेवर तापवून ताण घालवायचा आणि अमोनिया जवळ येऊ द्यायचा नाही. मानेवरचा तो डाग याच शहाणपणाचा.

गंमत अशी की त्याच ब्रिटिशांच्या घरी 1905 मध्ये ब्रासो निघालं आणि त्यात अमोनिया होता. बकल, बिल्ला, दाराची कडी यांना ते चालून गेलं. जाड माल, लावलं की लगेच पुसलं. पुंगळी पातळ, ओढलेली, शिवाय आत दारूचा दाब सोसणारी. तिला असलं पॉलिश लावू नये, हे काडतुसं पुन्हा भरणारे जुने लोक आजही नवख्याला आधी बजावतात.

आमच्याकडे अमोनियाचं दुसरं सोंग घरोघर फिरत होतं. कासार आळीतून आणलेल्या पितळी पातेल्याला आतून कल्हई लागे. कल्हईवाला भाता मारून भांडं तापवायचा, कापसाच्या बोळ्याने नवसागर फिरवायचा, पांढरा धूर नाकात जायचा आणि कथलाचा थर आरशासारखा पसरायचा. हा नवसागर म्हणजे अमोनियाचंच मीठ. तो तापल्या भांड्यावर क्षणभर असतो आणि मळ खाऊन उडून जातो, म्हणून काम साधतं. भांडं नंतर पाण्यात बुडवून पुसायलाच हवं.

बाहेरून घासायला चिंच, राख, आमसूल, लिंबाची फोड. इथेही मेख एकच, वेळ पाळायची. चिंचेचा कोळ फासून तांब्या विसरलात, तर पिवळा रंग जाऊन गुलाबी झाक येते. आंबटाने जस्त आधी ओढून घेतलेलं असतं, वर नुसतं तांबं उरतं. घरात कुणी म्हणे ‘छान उजळला’, पण तो झिजलेला असतो. सत्तरच्या दशकात स्टीलने मुसंडी मारली आणि पितळ मोडीत निघालं. देवघरातली समई, निरांजन, पूजेची घंटा तेवढी उरली. त्या उरलेल्यांसाठी ठाण्यात 1989 साली रवींद्र प्रभुदेसाई यांनी पितांबरी काढली आणि चिंच भिजवायचं कामच संपलं. माझ्या मते मराठी घरात पितळ टिकलं त्यात या पुडीचा वाटा मोठा आहे.

काडतुसांच्या बाजूला स्वातंत्र्यानंतर पन्नासच्या दशकात अंबरनाथ आलं, 1964 मध्ये भुसावळजवळ वरणगाव. 1 ऑक्टोबर 2021 ला सरकारने आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या केल्या. खडकी आणि वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेल्या, अंबरनाथ नागपूरच्या यंत्र इंडियाकडे.

उडालेली पुंगळी साफ करून पुन्हा भरायचा छंद अमेरिकेत घरोघरचा आहे. फिरत्या पिंपात अक्रोडाच्या टरफलाचा किंवा मक्याच्या कणसाचा भुसा घालून पुंगळ्या घुसळतात. नाहीतर पाणी, साबण, चिमूटभर लिंबूसत्त्व आणि स्टीलच्या बारीक सळया. लिंबूसत्त्व जास्त झालं की तिथेही तीच गुलाबी झाक! आपल्याकडे हा छंद फोफावला नाही आणि ते बरंच झालं. 1959 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. नेमबाज तेजस्विनी सावंत, स्वप्निल कुसाळे यांच्या 50 मीटर रायफलीचं पॉइंट टू-टू काडतूस तर पुन्हा भरण्याजोगं नसतंच. त्यात ठिणगीचा मसाला तळाच्या कडेतच भरलेला असतो आणि बंदुकीच्या घोड्याने ती कड चेपली जाते.

जे पुन्हा भरतात ते साफ कशासाठी करतात, हे मात्र ऐकण्यासारखं आहे. काजळी आणि वाळूचा कण साच्याला ओरखडा पाडू नये म्हणून, आणि मुख्य म्हणजे पुंगळी नीट दिसावी म्हणून. मानेवर केसाएवढी चीर आहे का? तळाच्या वर, सभोवती एक उजळ कडी उमटली आहे का? ती कडी दिसली की पुंगळी टाकून द्यायची. आतून पितळ पातळ झालेलं असतं आणि पुढच्या बाराला तळ तुटून वेगळा होऊ शकतो. सगळ्यात चकाकणारी जागाच सगळ्यात धोक्याची.

फौजेतून आलेल्या एखाद्या आजोबांनी आणलेली मोठी पितळी पुंगळी काही घरांत फुलदाणी म्हणून असते. ती रिकामी असून बुडाची ठिणगीची टोपी उडालेली असेल, तरच हात लावा. पितांबरीने हलक्या हाताने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, लगेच कोरडी करा. जुन्या ट्रंकेत भरलेलं काडतूस सापडलं, तर ते घासू नका, ठोकू नका, भंगारवाल्याला देऊ नका. जिथे आहे तिथे ठेवा आणि पोलीस ठाण्याला कळवा.