गाडी किती पळते आणि गावाला कधी पोचते?

डिंडोलीत कुणी "गावाला चाललोय" म्हणालं, की कुठल्या गावाला हे फारसं विचारावं लागत नाही. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव, यांपैकीच काहीतरी असतं. सुरतच्या या भागात, म्हणजे डिंडोली, लिंबायत, उधना, पांडेसरा इथे, खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. कुणी लूम्सच्या कारखान्यात आहे, कुणी साड्यांच्या मार्केटात, कुणी रिक्षा चालवतं. घर सुरतेत आणि गाव महाराष्ट्रात, अशी आमची सगळ्यांची विभागणी. ही दोन टोकं जोडते ती उधना–जळगाव रेल्वे लाइन.

सध्या मात्र सुरतेत रेल्वेचा विषय निघाला की बुलेट ट्रेनचाच निघतो. त्यात साहजिक प्रश्न येतो: "ठीक आहे, पण आपल्याला तिचा काय उपयोग?" कुणी हा प्रश्न चेष्टेनं विचारतं, कुणी रागानं. मला वाटतं तो नीट, हिशेब मांडून विचारायला हवा. म्हणून हा लेख.

आधी बुलेट ट्रेनची माहिती थोडक्यात. मुंबई–अहमदाबाद हाय-स्पीड रेल्वेचं भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१७ ला अहमदाबादला झालं. मार्ग ५०८ किलोमीटरचा, स्टेशनं बारा, गाडीचा कमाल वेग ताशी ३२० किलोमीटर. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातून निघून ठाणे, विरार, बोईसर, वापी, बिलीमोरा, सुरत, भरूच, वडोदरा, आणंद, अहमदाबाद आणि शेवटी साबरमती. मुंबईच्या बाजूला २१ किलोमीटरचा बोगदा आहे आणि त्यातला सात किलोमीटरचा भाग ठाण्याच्या खाडीखालून जातो. सुरतचं स्टेशन जुन्या स्टेशनजवळ नाही. ते शहराबाहेर अंत्रोली गावात आहे. सुरतच्या आसपासचा टप्पा सगळ्यांत आधी, २०२७ मध्ये सुरू करायचं सरकारनं जाहीर केलेलं आहे.

आता पहिली शंका. आहे त्याच रुळांवर ही गाडी का नाही पळवत? कारण रूळच वेगळे लागतात. आपल्या नेहमीच्या ब्रॉडगेजमध्ये दोन रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर असतं. जपानच्या शिन्कान्सेनचं आणि या नव्या मार्गाचं १४३५. पण खरी अडचण रुंदीपेक्षा वेगाची आहे. ३२० च्या वेगात चालकाला रुळांशेजारचा सिग्नल डोळ्यांनी बघून गाडी आवरता येत नाही, कारण गाडी थांबायलाच काही किलोमीटर लागतात. म्हणून सिग्नल त्याच्या केबिनमध्येच दाखवावा लागतो. वळणं मोठ्या त्रिज्येची लागतात, फाटक एकही चालत नाही, आणि रुळांवर गाय-म्हैस सोडाच, माणूसही येता कामा नये. त्यामुळे मार्गाचा बहुतेक भाग खांबांवरून नेलेला आहे. वंदे भारत वेगळी. ती आपल्या नेहमीच्याच रुळांवरून धावते, म्हणून तिला इतर गाड्यांच्या रांगेतच राहावं लागतं.

रांग हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. एकाच रुळांवरून मालगाडी, पॅसेंजर आणि सुपरफास्ट जात असतील, तर वेगवान गाडी हळू गाडीच्या मागे अडकते. मग हळू गाडीला मधल्या स्टेशनवर लूप लाइनला घेतात आणि मागचीला पुढे सोडतात. "आपली गाडी कधीची उभी करून ठेवलीय" असं डब्यात कुणीतरी म्हणतं ना, ते याच वेळी. रुळांवर दिवसभरात किती गाड्या बसू शकतात याला मर्यादा असते, आणि वेगवेगळ्या वेगाच्या गाड्या मिसळल्या की ती मर्यादा आणखी खाली येते.

जपाननं बुलेट ट्रेन बांधली तीही याच कारणानं. टोकियो–ओसाका हा जुना तोकाइदो मार्ग गाड्यांनी गच्च भरला होता. १ ऑक्टोबर १९६४ ला तिथे नवी लाइन सुरू झाली तेव्हा वेग होता ताशी २१०. वेगाची चर्चा जगभर झाली, पण मूळ हेतू गर्दी वाटून घेण्याचा होता. लांबचे प्रवासी नव्या रुळांवर गेले की जुन्या रुळांवर लोकलला आणि मालगाडीला जागा होते. आपल्याकडे मालगाड्यांसाठी वेगळी पश्चिम समर्पित मालवाहू मार्गिका बांधली जातेय, दादरीपासून न्हावाशेव्यापर्यंत सुमारे १५०० किलोमीटर, तिचाही हिशेब हाच. तेव्हा नवी लाइन आली की विचारायचा पहिला प्रश्न असा: जुन्या लाइनवर जी जागा मोकळी होईल, ती कुणाला मिळणार?

दुसरा हिशेब वेगाचा. जाहिरातीत कमाल वेग असतो, आपण प्रवास करतो सरासरी वेगानं. उधन्याहून नंदुरबार साधारण १६० किलोमीटर आहे. गाडीची सरासरी ताशी ४० पडली तर चार तास लागतात. ती ८० झाली तर दोन तास. म्हणजे दोन तास वाचले. आता तेवढंच अंतर १६० च्या सरासरीनं एका तासात होतं, आणि ३२० नं अर्ध्या तासात. इथे वेग दुप्पट करून वाचला फक्त अर्धा तास. दोन्ही वेळा वेग दुप्पटच झाला, पण हळू गाडी थोडी जलद केल्यानं जास्त वेळ वाचला. आणि ४० ची ८० करायला बोगदे किंवा खांब लागत नाहीत. लागतं काय, तर लूप लाइनला कमी थांबवणं, लोकलसारख्या मेमू गाड्या ज्या थांब्यानंतर पटकन वेग घेतात, आणि शहरात शिरताना प्लॅटफॉर्म मोकळा मिळणं.

आमच्या लाइनवर काम झालेलं नाही असं मुळीच नाही. ताप्ती व्हॅली रेल्वे म्हणून ही लाइन १९०० च्या सुमारास सुरत ते अमळनेर सुरू झाली. पुढे शंभरहून जास्त वर्षं ती बहुतांश एकेरीच राहिली. एकेरी लाइनवर समोरून गाडी आली की एकीनं स्टेशनात थांबायचंच, त्याला आपण क्रॉसिंग म्हणतो. सुमारे ३०७ किलोमीटरचं उधना–जळगाव दुहेरीकरण २०१८ मध्ये पुरं झालं, विजेच्या ताराही आल्या, आणि क्रॉसिंगची ती कटकट गेली. पण या लाइनवर फक्त खानदेशी माणूस नाही. सुरत–छपरा ताप्ती-गंगा याच मार्गानं जाते, अहमदाबादहून हावड्याला आणि चेन्नईला जाणाऱ्या गाड्याही. बिहारचा, उत्तर प्रदेशचा, ओडिशाचा कामगार आमच्याच शेजारी राहतो आणि आमच्याच रुळांवरून घरी जातो.

त्यात किती काय पणाला लागलेलं असतं ते नोव्हेंबर २०२३ मध्ये दिसलं. दिवाळीच्या तोंडावर सुरत स्टेशनवर बिहारकडे जाणाऱ्या गाडीत चढताना चेंगराचेंगरी झाली आणि एका माणसाचा जीव गेला. तो घाईत नव्हता, त्याला ३२० चा वेग नको होता. त्याला डब्यात जागा हवी होती. सुरतच्या कष्टकरी माणसाची रेल्वेकडे पहिली मागणी हीच आहे, आणि जनरलच्या डब्यात ती मोजता येते: किती डबे, आठवड्यातून किती दिवस.

या दृष्टीनं एक गाडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या ब्रह्मपूरहून उधन्यापर्यंत अमृत भारत एक्सप्रेस सुरू झाली. ही पूर्ण विनावातानुकूलित गाडी. डबे बावीस, त्यातले अकरा जनरल आणि आठ स्लीपर. दोन्ही टोकांना इंजिन असल्यानं ती वेग लवकर घेते. ती भुसावळ, जळगाव, नंदुरबार करतच उधन्याला येते. बुलेट ट्रेनइतकी तिची चर्चा झाली नाही, पण आमच्या वस्तीच्या गरजेला ती जास्त जवळची आहे.

आता सीमेबद्दल. सीमेपलीकडे रेल्वे नेणं जगात किती अवघड असतं याचं चांगलं उदाहरण युरोस्टार. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या सुमारे ५० किलोमीटरच्या समुद्री बोगद्यातून ती १९९४ मध्ये सुरू झाली. फ्रान्समध्ये वीज एका प्रकारची, बेल्जियममध्ये दुसऱ्या, इंग्लंडमध्ये तर तारेऐवजी रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून. एकाच गाडीला हे सगळं जमवावं लागलं. फ्रान्समध्ये ३०० नं धावणारी ही गाडी इंग्लंडमध्ये जुन्या रुळांवर रेंगाळायची. तिथली वेगवान लाइन पूर्ण झाली २००७ मध्ये. आपल्या शेजारात अडथळा यंत्रांचा कमी आणि राजकारणाचा जास्त. कोलकाता–ढाका मैत्री एक्सप्रेस २००८ मध्ये सुरू झाली आणि जुलै २०२४ मध्ये थांबवली गेली.

आमच्या लाइनवरही सीमा आहे, पण कशी, ते नवापूरला बघावं. ही लाइन टाकली तेव्हा महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्यंच नव्हती. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि सीमारेषा नवापूर स्टेशनातूनच गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांचं ऑफिस गुजरातेत. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत. भाषेच्या विद्यार्थ्याला तर हे स्टेशन म्हणजे वर्गच आहे. डब्यात मात्र या चारांशिवाय अहिराणी चालू असते, तिचं "शे" बारडोलीलाही ऐकू येतं. इथे पासपोर्ट नाही, वीज तीच, रूळ तेच. रेल्वेची स्वतःची हद्दही इथे बदलत नाही: जळगावपर्यंत पश्चिम रेल्वे, तिथून पुढे मध्य रेल्वे. म्हणजे युरोपला जे करोडो खर्चून जमवावं लागलं, ते आमच्याकडे आयतं आहे. उरतं ते वेळापत्रक आणि डबे.

मग बुलेट ट्रेनचा आपल्याला उपयोग नाहीच का? असू शकतो. मुंबई साधारण तासाभरावर येईल. नोकरी, परीक्षा, हॉस्पिटल यांसाठी हे लहान काम नाही. अंत्रोली आमच्या ताप्ती लाइनपासून फार लांबही नाही, नियोल आणि चलथान ही स्टेशनं त्याच बाजूला आहेत. तिथून अंत्रोलीला वेळेवर बस मिळाली, तर नंदुरबारचा मुलगाही ही गाडी वापरू शकेल. ती जोडणी नसली, तर अंत्रोलीला पोचायला रिक्षात गेलेला वेळ गाडीत वाचलेल्या वेळातून वजा करावा लागेल. आणि या गाडीची किंमत फक्त तिकिटात नाही. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासींनी आणि बागायतदारांनी जमिनीसाठी विरोध केला होता, हे वेगाचं कौतुक करताना विसरून चालणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी नव्या गाडीची बातमी वाचाल, तेव्हा कमाल वेगाचा आकडा बाजूला ठेवा आणि चार गोष्टी शोधा. तिची सरासरी किती? जनरलचे डबे किती? आठवड्यातून किती वेळा धावते? आणि स्टेशनवरून घरापर्यंत कसं जायचं? डिंडोलीतल्या माणसाची दिवाळी गावाला होणार की प्लॅटफॉर्मवर, हे या चार उत्तरांवर ठरतं.