बर्फ पडला, पण कधी?

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार वाळलेल्या गवताने तपकिरी दिसत होते. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात. हिवाळ्यातले हे सर्वांत कडाक्याचे दिवस, आणि नेमके तेच कोरडे चालले होते. महिने आधी आरक्षण करून गेलेली मराठी कुटुंबंही स्लेजवाल्यांसारखीच आभाळाकडे डोळे लावून बसली होती. महिनाअखेरीस बर्फ आला, फेब्रुवारीत डोंगर पांढरे झाले आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्या सुटकेमागे काही समजुती आहेत. त्या तपासून पाहायला हव्यात.

‘एवढा बर्फ पडतोय, मग तापमानवाढ कुठे आहे?’

बर्फाला थंडी लागते, तशी वाफही लागते. काश्मीरला ती पश्चिमी विक्षोभांकडून मिळते. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघणाऱ्या या वादळी प्रणाली उंचावरच्या वाऱ्यांबरोबर हिमालयावर येऊन आदळतात. हवा १ अंशाने तापली, की तिची वाफ धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणून जिथे तापमान अजून शून्याखाली असतं, तिथे तापलेल्या जगातही एखादं वादळ प्रचंड बर्फ ओतून जाऊ शकतं. त्याच वेळी खालच्या गावांत तोच ओलावा पाऊस होऊन पडतो. एका वादळावरून हवामानबदल खोटा ठरत नाही. तसंच २०२४ च्या एका कोरड्या जानेवारीचं सगळं खापर त्याच्यावर फोडणंही चूक. त्या हिवाळ्यात एल निनो होता आणि विक्षोभही दुबळे होते. निष्कर्ष काढायचा तो अनेक वर्षांच्या नोंदी पाहून.

‘जितकी थंडी जास्त, तितका बर्फ जास्त.’

लेह गुलमर्गपेक्षा थंड आहे, पण तिथे वर्षाला पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडतं. हवेत ओलावाच नसेल, तर थंडी एकटी काय करणार? त्या कोरड्या जानेवारीत श्रीनगरच्या रात्री उणे ५ अंशांच्या आसपास उतरत होत्या आणि एका दुपारी पारा १५ अंशांवर गेला होता. आभाळ निरभ्र असलं, की दोन्ही टोकं गाठली जातात. आपल्याकडे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी हिवाळ्यात पहाटे पांढरा थर दिसतो, तोही अशाच निरभ्र रात्रींचा. ते गोठलेलं दव असतं. आकाशातून काही पडलेलं नसतं.

‘मोठमोठे पुंजके पडताहेत, म्हणजे हिवाळा जोरात आहे.’

छायाचित्रांत सर्वांत देखणे दिसतात ते हेच पुंजके. पण हिमकणाचा आकार ढगातलं तापमान आणि ओलावा ठरवतात. उकिचिरो नाकाया या जपानी शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये होक्काइडोत प्रयोगशाळेत हिमस्फटिक वाढवून हे दाखवलं. उणे १५ अंशांजवळ फांद्या फुटलेली सहा टोकांची चांदणी तयार होते, उणे ५ जवळ सुया. मोठे, जड पुंजके बहुधा हवा शून्याजवळ असताना होतात, कारण तेव्हा ओलसर कण एकमेकांना चिकटतात. ते दृश्य मलाही फार आवडतं. तरी तो बर्फ वितळण्याच्या उंबरठ्यावरच उभा असतो, हे विसरता येत नाही.

‘उशिरा का होईना, पडला ना!’

सर्वांत घातक समजूत हीच. डिसेंबर-जानेवारीत सूर्य खाली असतो, दिवस लहान असतात. तेव्हा पडलेला बर्फ थरावर थर दाबला जाऊन घट्ट होतो आणि उन्हाळ्यापर्यंत हळूहळू पाझरत राहतो. झेलम, डोंगरातले झरे, सफरचंदाच्या बागा यांची त्यावरच भिस्त असते. फेब्रुवारी संपताना पडलेल्या बर्फाला तेवढा वेळच मिळत नाही. शिवाय ताजा बर्फ ८० ते ९० टक्के सूर्यप्रकाश परतवतो. तो विरला की उघडी पडलेली काळी जमीन तीच उष्णता शोषते आणि उरलेला बर्फही लवकर जातो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फाअभावी गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. त्या मार्चमध्ये झाल्या. त्याच फेब्रुवारीत अनंतनाग जिल्ह्यात अचबलच्या मुघल बागेला पाणी देणारा झरा आटला. स्पर्धेची तारीख बदलता येते, झऱ्याची नाही. हिंदुकुश-हिमालय प्रदेशातल्या मोठ्या नद्यांच्या वार्षिक प्रवाहात बर्फाच्या पाण्याचा वाटा सरासरी २३ टक्के आहे. काठमांडूच्या ‘इसिमॉड’ या संस्थेच्या नोंदीनुसार नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात जमिनीवर टिकलेला बर्फ नेहमीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होता. २३ वर्षांतला हा नीचांक.

लवकर पडलेला बर्फ नेहमीच चांगला, असंही नाही. नोव्हेंबर २०१९ च्या सुरुवातीला काश्मीरमध्ये जोरदार बर्फ झाला, तेव्हा सफरचंदाच्या झाडांवर पानं होती, काही ठिकाणी फळंही होती. ओल्या बर्फाच्या भाराने फांद्या मोडल्या, झाडं उभी चिरली. हाच बर्फ पानगळीनंतर पडला, तर मुळांवर गोधडीसारखा पांघरला जातो. झाडालाही ७ अंशांखालचे हजारभर तास मिळावे लागतात, तेव्हा कुठे वसंतात नीट फुलोरा येतो.

राहिला यंत्राचा बर्फ. २०२२ चं बीजिंग हिवाळी ऑलिंपिक जवळजवळ पूर्णपणे त्यावरच झालं. पण त्या यंत्रांनाही थंड हवा, भरपूर पाणी आणि वीज लागते. त्यातून घसरगुंडीपुरता उतार तयार होतो, आटलेला झरा भरत नाही.

काश्मीरला जाल तेव्हा बर्फात जरूर खेळा. सोबत घोडेवाल्याशी, बागायतदाराशी दोन शब्द बोला. यंदा पहिला बर्फ कधी पडला, तो किती दिवस टिकला आणि गावच्या झऱ्याला उन्हाळ्यात पाणी होतं का, हे त्यांना विचारा.